उन्हात निवडलेली गोळी

रुबीनाला त्या रविवारी सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. जठारपेठेतल्या स्वतःच्या घरून ती उजाडता उजाडता माहेरी आली होती ती रायफल न्यायला, कारण रायफल अब्बांच्या लोखंडी कपाटात असायची. पेटी बाहेर काढली, उघडून पाहिली, बंद केली, आणि कुलूप नीट लागलं का ते बघायला पुन्हा उघडली. चहाचा कप घेऊन अंगणात गेली, दोन घोट घेतले, तिथून पुन्हा स्वयंपाकघरात आली. तिची अम्मी सईदा हिने दोनदा विचारलं, काही हरवलंय का. हरवलं काहीच नव्हतं. आज गोळी निवडायची होती, एवढंच.

ज्याने कधी बंदूक हातात धरली नाही त्याला वाटतं, गोळी ती गोळी. घोडा दाबला की सुटली. त्याला वाटू द्या. तीनशे मीटरवर नेम धरणाऱ्या माणसाला मात्र गोळी निवडणं हे पोरीची सोयरीक जुळवण्याइतकंच जिकिरीचं काम असतं. त्या अंतरावरून टार्गेटचा काळा गोल मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो आणि त्यातला दहा गुणांचा गोल तर दिसतच नाही, तो आहे असं मानून चालावं लागतं. एकाच मापाची, एकाच वजनाची, पण दोन कंपन्यांची काडतुसं एकाच नळीतून दोन तऱ्हांनी जातात, कारण आतली दारू निराळी. म्हणून आधी मारून बघायचं, नळीला कोणती मानवते ते ठरवायचं आणि वर्षभराचा साठा एकदमच मागवायचा. माल परदेशातून येतो, तो दिवाळीनंतर. एकदा सांगितलं की मग फिरवाफिरवी नाही. पुण्याचा डीलर रोहित दर मे महिन्यात मागणी पाठवायचा, आणि यंदा त्याने आज संध्याकाळपर्यंत नक्की कळवा असं बजावलं होतं.

आणि रुबीनाची गोळी रुबीनाने आजवर कधी निवडलीच नव्हती. ती निवडायचे तिचे अब्बा.

गयासुद्दीन म्हणजे बंदुका दुरुस्त करण्यात अकोल्यातलं नावाजलेलं नाव. बार्शीटाकळीपासून अंजनगाव सुर्जीपर्यंतचे शेतकरी, रोही, म्हणजे नीलगायी, नि रानडुकरं पिटाळायला ठेवलेल्या बंदुका त्यांच्याकडेच आणत. घरातलं बोलणं उर्दूतलं, पण बंदुकीची गोष्ट निघाली की अब्बा आपोआप वऱ्हाडीवर येत, कारण ती विद्या त्यांनी गिऱ्हाइकांशी बोलत बोलतच पक्की केली होती. मग त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. ऑपरेशन झालं तरी बारीक काही दिसेना. तिकडे शेतकरीही बदलले. डुकरं हाकलायला आता बंदूक कुणाला हवी आहे? शेताभोवती तार ओढायची आणि तिला झटका मशीन जोडून निवांत झोपायचं. रुबीनाचा भाऊ उसामा याने दुकानातलं दुरुस्तीचं टेबल माळ्यावर चढवलं आणि त्या जागी झटका मशीनी मांडल्या. दुकान धो धो चालू लागलं. अब्बा खुर्चीवर बसून राहिले. त्यांच्या हाताला एकच काम उरलं, मे महिन्यात मुलीची गोळी निवडून देण्याचं.

आणि ती गोळी चुकीची होती. हे फक्त रुबीनाला माहीत होतं.

ती आधी पन्नास मीटर मारायची. त्या खेळात, त्या बारीक गोळीत, अब्बांची निवड कधी नडली नाही. तीनशे मीटरवर ती गेल्याच वर्षी आली. अब्बांनी मे महिन्यात दोन डब्या तपासल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि लाल निवडली. जानेवारीत मध्य प्रदेशात महूला, लष्कराच्या मैदानावर, राज्याच्या संघासाठी चाचणी होती. थंडी अशी की बोट घोड्यावर आहे की नाही ते डोळ्यांनी बघून खात्री करावी. पहिली गोळी खाली गेली. तिने नेम वर घेतला तर दुसरी वर गेली, तिसरी पुन्हा खाली. कागद हातात आला तेव्हा त्यावर भोकांची उभी ओळ होती, एखाद्याने पट्टी लावून पाडावी तशी. वारा असता तर गोळ्या आडव्या पसरल्या असत्या. हात घाबरला असता तर कुठेही गेल्या असत्या. पण नुसत्या वर-खाली, एका रेघेत, म्हणजे दारूचं काम. लाल डबीची दारू थंडीत कधी पुरती पेटत होती, कधी अर्धवट.

तो कागद कुणाला न दाखवता खिशात घालून रुबीना बाहेर आली. अब्बा मफलर गुंडाळून उभे होते. दुकानातलं टेबल माळ्यावर जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यांनी विचारलं, काय झालं.

“हात हलला,” ती म्हणाली.

ठरवून नव्हतं बोलली. तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेलेलं अब्बांनी अख्ख्या अकोल्यात पोचवलं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. कुणी विचारलं की ते म्हणायचे, पोरगी ऐन वेळेले घाबरली, नाहीतं नेम पक्का हाये तिचा. उसामाच्या निकाहात फुप्प्यांनी नि खालांनी, सगळ्या आत्या-मावश्यांनी, रुबीनाच्या पाठीवरून हात फिरवला. अब्बा रोज बदाम भिजवून, स्वतः सोलून, डबीत घालून जठारपेठेत पोचवू लागले, तिचं काळीज घट्ट व्हावं म्हणून. रुबीना ते खायची. सुरुवातीला तिला स्वतःचं कौतुकही वाटलं, की बापासाठी आपण एवढं सोसतो. मग ते कौतुक ओसरलं आणि नुसती चिडचिड उरली. लोक आपल्याला भित्री समजतात, आणि आपण नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. नवरा हसनैन विचारायचा, तर त्याच्यावरच ती डाफरायची.

आता प्रश्न फक्त तिच्या नावाचा राहिला नव्हता. रायफल होती अमरावतीच्या क्लबची. तिथल्या प्रशिक्षक गीतांजली मॅडम यांनी स्पष्ट सांगितलं होतं, येत्या जानेवारीत संघात आलीस तर रायफल तुझी, नाही तर ती अंजनगावच्या आरतीला द्यावी लागेल, ती पोरगी दोन वर्षांपासून वाट बघत आहे. सांगताना त्यांनाही जड गेलं, पण सांगितलं. म्हणजे आज पुन्हा लाल डबी ठरली तर जानेवारी गेली आणि रायफलही गेली. आणि अब्बांना खरं सांगावं तर त्यांच्या हातचं शेवटचं कामही गेलं. रुबीनाला यातलं एकही नको होतं. तिसरं काही सुचत नव्हतं, आणि म्हणून ती कुलूप उघडत-लावत होती.

गाडी तीच चालवत होती. अब्बा शेजारी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते. आज त्यांचा दिवस होता. मूर्तिजापूर मागे पडलं तरी गोळीच्या निमित्ताने सुरू झालेलं त्यांचं वऱ्हाडी बोलणं थांबलं नव्हतं, आणि विषय होता ऊन. अब्बांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा अकोल्याच्या मे महिन्यात घ्यावी. घड्याळ असो, टायर असो, रंग असो.

“हसनैनले मी मे महिन्यातच बोलावलं होतं पाह्याले,” ते म्हणाले. “औरंगाबादचं पोट्टं. म्हटलं पाहू काय करते. कूलर बंद पाडला मी मुद्दाम. दोन दिवस राह्यलं, हूं का चूं नाही केलं. तवाच हो म्हटलं.”

“कूलर तुमी बंद पाडला होता?”

“मंग? मानूस पारखा लागते. अकोल्याच्या मे महिन्यात जे टिकलं ते कुठंई टिकते.”

रुबीनाने गिअर बदलला, उगाचच. मग म्हणाली, “पन अब्बा, चाचनी तं जानेवारीत राहते. तवा थंडी असते.”

“थंडीनं काय होते? बिगडते ते उन्हानं. दूध पाय, औषध पाय, मानूस पाय. थंडीत काही बिगडलं असं कधी आयकलं तू?”

“हिरवी डबी कशी वाटते तुमाले?”

“बरी हाये. सरकारी नोकरासारखी. उन्हाळा असो का हिवाळा, तेवढंच काम करीन, ना कमी ना जास्त.” अब्बा स्वतःच्याच बोलण्यावर हसले. “लालची गोष्ट येगळी. ऊन लागलं का लाल पेटून उठते.”

सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. तेवढंच काम करणारीच तर हवी होती तिला. तिने तोंड उघडलं, बडनेऱ्याचा पूल लागला, समोर ट्रक आडवा आला, आणि तिने सांगितलं ते एवढंच की पाणी द्या. पाणी पिऊन तिला स्वतःचाच राग आला. तिने खिडकीची काच खाली घेतली, गरम झळ आत आली, तशी पुन्हा वर केली. अब्बा म्हणाले, चैन नाही पडून राहिलं का तुले. ती म्हणाली, गरम होतंय.

अमरावतीबाहेरचं पोलिसांचं गोळीबार मैदान क्लबला मिळायचं तेच मुळी मे महिन्यात, इतर वेळी तिथे भरतीची पोरं असत. दहाच्या सुमाराला मैदान उकळायला लागलं होतं. लांबवर उभी केलेली टार्गेटं पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. गीतांजली मॅडम दुर्बीण लावून आधीच बसल्या होत्या. अब्बांनी पिशवीतून स्टीलची दोन ताटं काढली, एकात लाल डबीतली काडतुसं मांडली, दुसऱ्यात हिरव्या डबीतली, आणि दोन्ही ताटं उन्हात ठेवली. कुरडया वाळत घालाव्या तशी. याला ते दारूला ऊन दाखवणं म्हणत.

“काका, हे असं करू नये म्हणून मी तुमाले मागच्या साली बी सांगतलं,” गीतांजली मॅडम म्हणाल्या. “फार तापतात ती.”

“तापलीच पायजे. तापल्याबिगर कसं समजीन कोनात किती दम हाये?”

रुबीना चटईवर पालथी पडली. रायफलचा पट्टा दंडाला आवळला, सोडला, पुन्हा आवळला. कोपराखाली खडा टोचत होता, तो काढला, तर दुसरा सापडला. अब्बांनी लालमधली मोजून दिलेली काडतुसं तिच्या उजव्या हाताशी ठेवली आणि ते मागे निंबाच्या सावलीत खुर्चीवर जाऊन बसले. त्यांना काहीच दिसणार नव्हतं. तरी ते टार्गेटच्या दिशेने मान ताणून बसले.

पहिली गोळी तिने सवयीने मारली. श्वास अर्धा सोडला, थांबली, बोट आपोआप दाबलं गेलं.

“दहा,” गीतांजली मॅडम म्हणाल्या. “मधोमध.”

“पाह्यलं?” मागून अब्बा म्हणाले.

रुबीनाने रिकामं काडतूस बाहेर काढलं. अशाच सगळ्या जाणार. या उन्हात लाल डबी देखणंच काम करणार, अब्बा खूश होणार, संध्याकाळी रोहितला फोन जाणार आणि महूला तिचे पुन्हा वाभाडे निघणार. तिने दुसरं काडतूस आत सरकवलं. आणि तेव्हाच तिला ते सुचलं. सांगायचंच कशाला? लाल आपोआप वाईट ठरली तर? अब्बा स्वतःच हिरवी निवडतील. त्यांचं काम त्यांच्याकडे राहील, तिची जानेवारी तिच्याकडे, आणि कुणालाच काही कळणार नाही.

तिने नेम किंचित वर घेतला आणि मारली.

“आठ. वर.”

मग थोडा खाली.

“आठच. खाली या वेळेस.”

महूचा कागद तिला पाठ होता. कोणतं भोक कुठे होतं ते ती झोपेतही सांगू शकली असती. तसंच ती मारत गेली, एक वर, एक खाली, मध्ये एखादी बरी. यात खोटं तरी काय आहे, असंही तिने मनाला समजावलं. लाल डबी थंडीत करते तेच मी तिच्या वतीने उन्हात करून दाखवते आहे. गंमत अशी की सकाळपासून जी बाई दोन मिनिटं एका जागी बसली नव्हती, तिचा हात आता दगडासारखा स्थिर झाला होता. जानेवारीपासून तो इतका स्थिर कधीच नव्हता.

मग हिरवी. ती तिने सरळ मनाने मारली. बऱ्याच दहा, काही नऊ, मधोमध गोलसर गुच्छ. देखणा नव्हे, पण भरवशाचा.

“लालचं काही खरं नाही काका,” दुर्बिणीवरून डोळा काढत गीतांजली मॅडम म्हणाल्या. “उभी पसरून राह्यली. दारू सारखी नाही पेटून राह्यली तिची.”

अब्बांनी कागद मागवले.

मैदानावरच्या माणसाने दोन्ही टार्गेटं आणून दिली. अब्बांनी लालचा कागद मांडीवर पसरला आणि भोकांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. डोळ्यांनी दिसेना तेव्हापासून ते असंच बघायचे, बोटाने. वरून खाली, खालून वर. पुन्हा वरून खाली. रुबीनाने जॅकेट काढलं, घडी केली, उलगडली. टोपी झटकली. बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधला. ते लवकर हिरवी म्हणतील तर बरं, असं तिला झालं होतं.

“पैली कोनती?” अब्बांनी विचारलं.

“ती मधली, दहाची,” गीतांजली मॅडम म्हणाल्या.

“अन् मंग वर, मंग खाली?”

“हो.”

अब्बा उठले, उन्हातल्या ताटाजवळ गेले आणि लालच्या उरलेल्यांतलं एक काडतूस उचलून लगेच खाली टाकलं. बोटं सदऱ्याला पुसली.

“हातात धरवत नाही इतकी तापली ही. तापलेली दारू जास्त ढकलते. गोळी वर जाईन. दोन वर जातीन, चार वर जातीन. खाली कशी जाईन?”

गीतांजली मॅडमनी रुबीनाकडे पाहिलं.

“हात हलला असंन माहा,” रुबीना म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं की आपण पुन्हा तेच बोललो.

“हात असा नाही हलत बेटा. लोकाईचे हललेले हात मी जल्मभर पाह्यले. हललेल्या हाताची गोळी सांडते, इकडे चार, तिकडे चार. हे सांडलेलं नाही. हे कोनंतरी मांडलेलं हाये.” ते परत येऊन खुर्चीवर बसले. बोट पुन्हा त्या ओळीवर गेलं. “मुद्दाम चुकायचं तं मानूस कुठंई चुकते. तू अशी उभीच काहून चुकली? ही रेघ तू कुठं पाह्यली?”

रुबीनाने हातातली टोपी खाली ठेवली.

“महूले,” अब्बा म्हणाले. विचारलं नाही त्यांनी, सांगितलं.

“हो.”

“माहीच गोळी होती ती.”

“हो, अब्बा.”

गीतांजली मॅडम उठल्या आणि टार्गेटं बदलून येते म्हणून मैदानाकडे चालू लागल्या. टार्गेटं बदलायला माणूस होता. तरी गेल्या.

अब्बा एकदम उर्दूवर आले. बंदुकीच्या गोष्टीत ते उर्दूवर कधी येत नसत. “मैं लोगों से कहता फिरा के मेरी बेटी डर गई,” ते म्हणाले. “मस्जिद में कहा. निकाह में कहा.” मग आवाज चढला तसे पुन्हा वऱ्हाडीत आले. “अन् तू बदाम खात राह्यली? मी सोलून देत गेलो अन् तू खात गेली?”

“मंग काय करा लागत होतं मले?” रुबीनाचाही आवाज चढला. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं ते. “उसामानं तुमचं टेबल माळ्यावर टाकलं. तुमी खुर्चीवर बसून दिवसभर रस्ता पाहत होते. मी येऊन काय सांगू तुमाले, का हे बी गेलं आता? गोळी बी चुकली तुमची?”

“तेच सांगा लागत होतं.”

“नाही सांगता आलं मले.”

“मले काय काचेचं समजून राह्यली तू? टेबल गेलं तं गेलं. डोळे गेले तं गेले. ते सोसलं ना म्या? पन माह्या तोंडानं माह्याच पोरीले मी भेकड म्हनत फिरलो, अन् ते तू मले करू देल्लं. हे कसं सोसू, सांग.”

रुबीनाला वाटलं होतं, कळलं तर अब्बा खचतील. ते खचले नव्हते. ते संतापले होते, आणि त्यांचा संताप रास्त होता. बापाला जपतो म्हणून ज्या गोष्टीचं तिला जानेवारीत कौतुक वाटलं होतं, तिने त्यांना पार लहान करून टाकलं होतं. तिला रडू आलं. ती तिथेच, खुर्चीजवळच्या मातीत बसली. सकाळपासून पहिल्यांदा.

अब्बांनी तिला रडू दिलं. मग ताटाकडे हात केला.

“लालच्या काही उरल्या हायेत. जाय. आता खऱ्या मार.”

“राहू द्या ना अब्बा.”

“जाय म्हनतो ना.”

ती गेली. डोळे पुसले, चटईवर पडली. गीतांजली मॅडम लगबगीने परत येऊन दुर्बिणीशी बसल्या. नेम नीट लागायला थोडा वेळ गेला, कारण पाणी पुन्हा पुन्हा येत होतं. मग मारल्या तिने. दहा, दहा, दहा, सगळ्या दहा, आणि शेवटच्या दोन इतक्या लगत की मॅडम म्हणाल्या एकाच भोकातून गेल्या की काय. कागद आला. अब्बांनी बोट फिरवलं, त्यांना हवं ते सापडलं, आणि चेहरा थोडा सैल झाला.

“म्हंजे उन्हापुरता मी खरा होतो.”

“उन्हापुरते एकदम खरे, अब्बा.”

“मॅडम,” अब्बा गीतांजलींकडे वळले, “डिसेंबरात चिखलदऱ्याकडे एखादं मैदान भेटन का? पुढच्या सालची गोळी तिथं निवडू. ताटं बाहेरच ठेवू, दवात.”

“काका, ताटं नका ठेवू,” मॅडम म्हणाल्या. “मैदानाचं मी पाहते.”

रुबीनाने चमकून वर पाहिलं. पुढच्या सालची गोळी. म्हणजे काम त्यांनी सोडलं नव्हतंच. फक्त ऊन सोडलं होतं.

अब्बांनी फोन काढला आणि रुबीनाकडून रोहितचा नंबर लावून घेतला. ते फोनवर नेहमीच मोठ्याने बोलत, पण आज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असे बोलले.

“रोहितभाऊ, हिरवी लिहा.”

पलीकडून रोहितने आश्चर्याने विचारलेलं रुबीनालाही ऐकू आलं. “हिरवी? काका, मागच्या वर्षी तर तुम्ही लालच घेतली होती ना?”

“लाल उन्हाची हाये. महूले तिनंच घात केला. माह्या पोरीचा हात नोता हलला. गोळी मी निवडली होती.”

“बरं बरं. ठीक आहे काका.”

“नुसतं ठीक हाये नोको म्हनू. तुह्याकडे साऱ्या महाराष्ट्राचे नेमबाज येतात ना? त्याईले सांग. रुबीना घाबरली नोती म्हनावं. सांगशीन का नाही?”

“सांगतो काका, नक्की सांगतो.”

फोन ठेवून अब्बा दमल्यासारखे मागे टेकले. निंबाची सावली सरकून त्यांच्या पायांवर ऊन आलं होतं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. रुबीनाने रायफल पुसून पेटीत ठेवली, ताटं पिशवीत घातली, वापरलेले कागद गोळा केले. लालचा पहिला कागद, तो उभ्या ओळीचा, अजून त्यांच्या मांडीवरच होता. तिने तो घ्यायला हात पुढे केला.

“आना. फेकून देते.”

अब्बांनी कागद सोडला नाही. बोट पुन्हा एकदा त्या ओळीवरून सावकाश वरून खाली नेलं, आणि आज पहिल्यांदाच ते मनापासून हसले.

“पुढच्या खेपी मले फसवायचं असंन तं वाकडंतिकडं चुकत जाय बाई. इतक्या लांबून इतकं सरळ चुकनारी माह्या पोरीबिगर दुसरी कोनी नाही, हे मले डोळ्याईबिगर बी समजते.”